एकोणिसावी टेस्ट

आधीच सांगून टाकतो, माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. मी स्वतःही ठेवत नाही. मुळशीच्या त्या शेडमधले किस्से मी इतकी वर्षं सांगतोय की ते सांगता सांगता थोडे थोडे वाढले असणार. बायको शेजारी असली की मध्येच म्हणते, "मागच्या वेळी हा माणूस उभा होता. आज बसला कधी?" तेव्हापासून तिच्या देखत सांगताना मी कुणाला उभंही करत नाही आणि बसवतही नाही.

पण असे किस्से साठतातच. आठ-दहा माणसं वर्षभर एका छपराखाली एकाच यंत्राशी झटत असली की यंत्राचं काय केलं ते विसरायला होतं, कोण काय बोललं तेवढं राहतं. मी प्रबंध लिहिला तेव्हा एकटाच होतो. तीन वर्षं लागली. एकही किस्सा नाही!

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची कंपनी लहानशी. एका कारखान्याला भट्टी सांभाळणारा कॉम्प्युटर हवा होता आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बाहेरून न आणता आपणच लिहायची, असं आमच्या रानडेसाहेबांनी ठरवलं. पुण्यात मोठी जागा मिळेना, म्हणून ते सगळं बिऱ्हाड मुळशीत, धरणाच्या अलीकडे, एका पोल्ट्रीच्या शेडमध्ये येऊन पडलं. कोंबड्या गेल्या होत्या, वास गेला नव्हता. एसी सुरू केला की पहिली दहा मिनिटं पिसं उडायची.

शेडचे मालक किसननाना वाळंज. त्यांची भातखाचरं शेडला लागूनच होती. यंत्र बसवलं त्या दिवशी ते दारात येऊन बराच वेळ बघत राहिले.

"ह्यात किती जन बसत्यात?"

"माणसं नाहीत, नाना. आत एकच प्रोसेसर आहे. पण त्याच्यावर चाळीस कामं चालतात."

"येकच हाय आन् चाळीस कामं?"

"एका क्षणी एकच. पण तो इतक्या भराभर बदलतो, की..."

"त्ये ऱ्हाऊ द्या. कुनाचं काम कवा, ह्ये ठरवतंय कोन?"

माझ्या प्रबंधात या प्रश्नापर्यंत पोचायला मला अकरा पानं लागली होती!

"त्याला शेड्यूलर म्हणतात," मी म्हणालो. "तो या लिहिणार आहेत." आणि कोपऱ्यात कागदावर पेन्सिलीनं काही लिहीत बसलेल्या मुलीकडे बोट दाखवलं.

नानांचा चेहरा एकदम सैल झाला. "ही व्हय? ही तर पौडच्या हसनभाईची नसीम! मंग तुमी बिनघोर ऱ्हावा."

नाना बिनघोर झाले. मी झालो नाही. तो माझा स्वभाव नाही.

*

नसीम शेख तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. वडिलांची पौडच्या बाजारात पिठाची गिरणी. पौड-पुणे एसटीनं रोज जाऊन-येऊन तिनं गणितात एम.एस्सी. केलेलं. ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे आम्ही तिला नसीमबाई म्हणायचो. नोकरी अजून कच्ची होती, सहा महिने काम बघून मग पक्की करायची.

तिची पद्धत अशी, की सगळा प्रोग्रॅम कागदावर लिहून झाल्याशिवाय ती कीबोर्डला हात लावायची नाही. बाकीची मंडळी दिवसातून वीस वेळा चालवून बघायची, चुकलं की दुरुस्त करायची. ही तीन आठवडे नुसती लिहीत आणि खोडत होती. रानडेसाहेब दोनदा येऊन तिच्या खोडरबराकडे बघून गेले.

चौथ्या आठवड्यात तिनं तो शेड्यूलर टाइप केला. चालवला. चालला!

मी विश्वास ठेवला नाही. तीनदा चालवायला लावला. तिन्हीदा चालला. बारा वर्षं या विषयात घालवलेला मी माणूस, माझा एकही प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चाललेला नव्हता. कौतुक करायचं सोडून मी म्हणालो, "नसीमबाई, पहिल्या फटक्यात चाललं म्हणजे काहीतरी तपासायचं राहिलंय."

"हो सर," ती म्हणाली, "तुमची टेस्ट राहिलीय."

*

टेस्ट माझ्याकडे होती. गिऱ्हाइकानं नियमांचं एक जाड बाड दिलं होतं. शेड्यूलर त्या नियमांनुसार वागतो की नाही, हे तपासणारा प्रोग्रॅम मी लिहायचा, आणि गिऱ्हाइकाच्या परीक्षकासमोर तोच चालवून दाखवायचा, असं ठरलं होतं. बत्तीस छोट्या परीक्षा मी लिहिल्या. एकतीस पास झाल्या. एकोणिसावी नापास झाली.

या एकोणिसाव्या टेस्टमध्ये फक्त तीन कामं होती. पहिलं आणि दुसरं सारख्या मानाची, 'जो आधी आला तो आधी' या नियमातली. पहिलं चालू असताना मध्येच एक तातडीचं काम येतं. नियमाप्रमाणे पहिल्याला बाजूला सारून तातडीचं आधी उरकतात. प्रश्न त्याच्या पुढचा. तातडीचं संपलं की आता पाळी कुणाची? अर्धवट राहिलेल्या पहिल्याची, की रांगेत वाट बघणाऱ्या दुसऱ्याची?

माझी टेस्ट म्हणत होती, दुसऱ्याची. नसीमबाईंचा शेड्यूलर पहिल्याला बोलवत होता.

आणि मग एके दिवशी एकोणिसावी टेस्ट आपोआप पास झाली!

दुसऱ्या दिवशी नापास. संध्याकाळी पास. कुणी म्हणालं, राबाच्या धुराचा परिणाम असेल, कारण त्या दिवसांत आजूबाजूच्या खाचरांत भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून राब भाजत होते आणि शेडमध्ये निळा धूर भरायचा. शेवटी आमच्या ऑपरेटरनं शोध लावला की प्रिंटर चालू असला की टेस्ट पास होते. रानडेसाहेब म्हणाले, "मग परीक्षकाच्या दिवशी प्रिंटर चालू ठेवा. काहीतरी छापत बसा!"

ते चेष्टा करत होते असं मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही.

नसीमबाईंनी माझी टेस्ट छापून घेतली आणि एक दिवस नुसती वाचली. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "सर, तुमची टेस्ट घड्याळावर चालते. दोन सेकंदांनी तातडीचं काम पोचलं असेल, असं तुम्ही धरून चालता. प्रिंटर डिस्क अडवतो, त्यामुळे तातडीचं उशिरा पोचतं. तोवर पहिलं काम संपून गेलेलं असतं. मग दुसऱ्याचीच पाळी येणार. म्हणून पास."

"मग करायचं काय?"

"अंदाज करायचा नाही. तातडीच्या कामानं 'मी पोचलो' अशी खूण केल्याशिवाय पहिल्यानं संपायचंच नाही."

अर्ध्या तासाचं काम होतं. दुरुस्ती केली. त्यानंतर प्रिंटर चालू असो, बंद असो, धूर असो, नसो, टेस्ट कायमची नापास होऊ लागली.

"आता दर वेळी नापास होते," नसीमबाई म्हणाल्या. "बरं झालं, सर."

स्वतःचा शेड्यूलर दर वेळी नापास होतोय म्हणून समाधान वाटणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

*

परीक्षकाचं नाव घाटेसाहेब. नागपूरचे. नियमांचं बाडही त्यांनीच लिहिलेलं आणि माझ्या टेस्टची प्रत त्यांना आधीच पोस्टानं गेलेली. आम्ही कुणी त्यांना पाहिलं नव्हतं, पण त्यांनी एकदा एक यंत्र खोक्यातून पूर्ण बाहेर काढायच्या आतच परत पाठवलं होतं, अशी ख्याती होती.

बाडात असं लिहिलं होतं: नवीन येणारं काम रांगेच्या शेवटी. काही कारणानं थांबून परत आलेलं कामही रांगेच्या शेवटी. बाजूला सारलेल्या कामाबद्दल मात्र फक्त 'त्याच्या रांगेत परत ठेवावे' एवढंच. रांगेत कुठे, ते नाही. मी ते वाक्य चाळीस वेळा वाचलं असेल. बाकी सगळे शेवटी जातात, तर हाही शेवटी, असं मी ठरवलं आणि तसं टेस्टमध्ये लिहिलं.

नसीमबाई म्हणाल्या, "माझं बरोबर आहे, सर."

"बाडातलं वाक्य दाखवा."

"वाक्य नाहीये."

मी घाटेसाहेबांना दोन पानी पत्र लिहून विचारलं. उत्तराची तार आली. तीत दोनच शब्द: 'पुन्हा वाचा.'

मी पुन्हा वाचलं. एकेचाळिसाव्यांदाही तिथे तेच होतं.

परीक्षेला बारा दिवस राहिले तेव्हा रानडेसाहेबांनी मला आत बोलावलं. "शेड्यूलर चुकीचा असेल तर बदला. टेस्ट तुमची आहे, डॉक्टरेट तुमची आहे. आणि एक सांगतो, तिचे सहा महिने या महिनाअखेर भरतात. नापास शेड्यूलर लिहिणाऱ्याला मी पक्कं कसं करणार?"

मी बाहेर आलो आणि शेड्यूलर बदलण्याचा हुकूम काढला. तोंडी सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून लेखी. नसीमबाईंनी तो वाचला, नीट घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बदल करून दिला. बत्तीसच्या बत्तीस पास!

पेढे आले. नसीमबाईंनी पेढा घेतला नाही. रागावल्या असणार. अपमान वाटला असणार. सोडून जाणार. मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्यासमोर उभाच राहिलो.

"सर, रोजा आहे," त्या म्हणाल्या. "कागदात बांधून द्या, संध्याकाळी खाईन."

*

त्या दिवसांत आम्ही नवरा-बायको पौडलाच एक खोली घेऊन राहत होतो. रविवारी सकाळी बायकोनं डबा हातात दिला. वर गव्हाची पिशवी, खाली तांदूळ, दोन वेगळी दळणं. मी हसनभाईंच्या गिरणीवर गेलो.

गिरणीत माणसं रांगेत उभी नसायची, डबे असायचे. माणसं बाहेर लिंबाच्या सावलीत. हसनभाई पांढरे झालेले, पापण्यांवरसुद्धा पीठ. माझा नंबर आला. गहू दळून झाले. तेवढ्यात एक बाई घाईनं आली. दुपारी घरी हळद होती आणि पीठ कमी पडलं होतं. हसनभाईंनी कुणाला विचारलं नाही. कार्याचं दळण आधी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझे तांदूळ बाजूला ठेवून त्यांनी तिचं दळण वर ओतलं.

मी शिकलेला माणूस. मी माझे तांदूळ उचलले आणि रांगेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवले.

सगळी गिरणी माझ्याकडे बघायला लागली.

"ओ डाक्टरसायेब!" हसनभाई पट्ट्याच्या खडखडाटातून ओरडले. "कुटं चालला?"

"शेवटी. यांचं मध्ये आलं ना."

"ती मधी आली. तुमी कुटं गेला व्हता? तुमची पाळी संपलीच न्हाई अजून. आना हिकडं, तोंडाशी ठिवा!"

सगळ्यात जास्त आवाज चढवला तो माझ्या मागं नंबर असलेल्या म्हातारीनं. मी शेवटी गेलो असतो तर तिचाच फायदा होता! "मला न्हाई कुनाची अर्दी पाळी घ्याची," ती म्हणाली. "दानं अर्दं राह्यलेल्याच्या म्होरं मी दळलं तर माजं पीठ ग्वाड लागंल का?"

एवढ्यात एक जण विडी ओढून आत आला. त्याचा डबा माझ्याही पुढं होता, पण नंबर पुकारला तेव्हा तो लिंबाखालीही नव्हता. हसनभाईंनी तो डबा पायानं सरकवत रांगेच्या शेवटी नेला. तो माणूस कुरकुरलासुद्धा नाही.

मी तांदूळ परत पुढे आणून ठेवले. स्वतःच्या पायानं बाहेर गेला तो शेवटी. दुसऱ्यानं बाजूला सारला तो तोंडाशी. घाटेसाहेबांच्या बाडातली दीड पानं तिथे पिठाच्या ढगात उभी होती, आणि न लिहिलेलं वाक्यसुद्धा!

"हसनभाई," मी विचारलं, "हा नियम केला कुणी?"

"केला कुनी न्हाई," ते म्हणाले. "मोडला कुनी न्हाई."

*

गिरणीवर बघितलं म्हणून टेस्ट बदलता येत नाही, एवढं मला कळत होतं. घरी येऊन मी कागद घेतला आणि माझाच नियम मांडून पाहिला. बाजूला सारलेला दर वेळी शेवटी जायचा असेल, तर मागून आलेला आधी संपतो. तातडीची कामं येत राहिली तर जो सगळ्यात आधी आला तो कधीच संपणार नाही. म्हणजे 'जो आधी आला तो आधी' हा नियम माझी टेस्टच मोडत होती. पाच ओळींचं गणित. ते मी इतक्या दिवसांत केलं नव्हतं, कारण मी वाक्य शोधत होतो.

सोमवारी मी नसीमबाईंना विचारलं, "तुम्ही मला गिरणीचं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वाक्य मागत होता, सर," त्या म्हणाल्या. "गिरणीत वाक्य नव्हतं."

"जुना शेड्यूलर परत आणायला किती वेळ लागेल? आठच दिवस राहिलेत."

"अर्धं मिनिट."

"अर्धं मिनिट?"

त्यांनी जुना काढलाच नव्हता! माझा बदल त्यांनी एका स्विचच्या मागे ठेवला होता. स्विच लावला तर बाजूला सारलेला शेवटी, काढला तर तोंडाशी. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक स्विचला नाव द्यावं लागतं. मी स्क्रीनवर वाकून बघितलं. इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलेलं होतं: 'सर म्हणतात'.

मी ते नाव बदलायला सांगितलं नाही. काय म्हणून सांगणार?

*

रानडेसाहेबांसमोर जाऊन "माझी टेस्ट चुकली" हे तीन शब्द म्हणायला मला सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढा वेळ लागला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "नापास करणारी परीक्षा बदलायची आणि पास व्हायचं. आमच्या शाळेत याला कॉपी म्हणत!"

माझ्या मनात अगदी हेच होतं.

नसीमबाई दारात उभ्या होत्या. (उभ्याच होत्या. हे मला पक्कं आठवतंय.) म्हणाल्या, "साहेब, टेस्ट खरी आहे की खोटी, ते टेस्टलाच परीक्षेला बसवून कळेल. मी सात शेड्यूलर मुद्दाम बिघडवून आणते, सातही वेगवेगळ्या तऱ्हेनं. सरांची नवी टेस्ट त्यांना पकडते का बघू."

दोन दिवसांनी सात टेपा टेबलावर. रानडेसाहेब स्वतः खुर्ची घेऊन बसले. पहिला शेड्यूलर, पकडला. दुसरा शेड्यूलर दुसऱ्या कामालाच दोनदा बोलवत होता, पकडला. तिसरा, चौथा, पाचवा. सहावा इतका बेमालूम बिघडवलेला होता की तो मला वाचूनही सापडला नसता. टेस्टनं पकडला!

सातवा बत्तीसच्या बत्तीस पास झाला.

रानडेसाहेब माझ्याकडे वळले. मी भिंतीकडे.

"सातवा माझा नेहमीचाच आहे, साहेब," नसीमबाई म्हणाल्या. "टेस्ट सगळ्यांनाच नापास करत सुटली नाही ना, तेही बघायला हवं होतं."

रानडेसाहेब उठले आणि बाहेर किसननानांच्या बांधावर जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं आत येऊन मला हळूच म्हणाले, "तुम्हाला हे सुचलं असतं?"

"नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही."

*

घाटेसाहेब ठरल्या दिवशी एसटीनं आले. बारीक माणूस, कापडी पिशवी, त्यात आपला पाण्याचा तांब्या. चहा घेतला नाही. नियमांची चर्चा केली नाही. टेस्ट चालवा म्हणाले. बत्तीस पास झाल्या. त्यांनी मान हलवली नाही. मग पिशवीतून चष्मा काढून आमच्या टेस्टची छापील प्रत मागितली आणि सरळ एकोणिसाव्या टेस्टचं पान काढलं.

"हे बदललं का जी तुम्ही?"

नसीमबाईंची नोकरी त्या पानावर होती, मला दुसरं काही दिसेना. टेस्ट परीक्षेच्या तोंडावर बदलली हे कबूल केलं, की सगळंच संशयास्पद. नाही म्हणावं, तर जुनी प्रत त्यांच्याकडे होतीच.

"हो," मी म्हणालो. "आधीची माझी चूक होती. मी यांना शेड्यूलर बदलायला लावला होता. यांनी सुरुवातीपासून बरोबर केलं होतं. त्यांचं होतं तसं परत ठेवलं आणि टेस्ट सुधारली."

"लिहून देता?"

मी लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, घडी केली, पिशवीत टाकला, नसीमबाईंकडे एकदा चष्म्यावरून बघितलं आणि साडेतीनची एसटी पकडायला निघून गेले. पास की नापास, एक अक्षर नाही!

महिनाअखेर आली. रानडेसाहेबांनी नसीमबाईंचा कागद पुढे ढकलला, पत्र येऊ दे म्हणाले. नसीमबाई रोज येत, पेन्सिलीला टोक करत, काम करत. मला झोप नव्हती. टेस्ट बदलल्याचा तो कागद म्हणजे मी स्वतःच्या हातानं त्यांच्याविरुद्ध लिहून दिलेला पुरावा, असं मला वाटत राहिलं. किसननाना रोज दारात विचारायचे, "आलं का कागूद?"

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. दोन ओळी: यंत्र स्वीकारले. शेड्यूलर लिहिणाऱ्या व्यक्तीस यापुढील कामावर कायम ठेवावे. रानडेसाहेबांनी त्याच दिवशी सही केली. हसनभाईंनी आमच्या घरचं दळण पुढे महिनाभर घरपोच पाठवलं, कितीही नको म्हटलं तरी.

पण घाटेसाहेबांनी माझ्याकडून ते लिहून का घेतलं, हे मला कळलं नाही. माझ्या स्वभावाप्रमाणे मी ते वर्षानुवर्षं उगाळत राहिलो. निवृत्त झाल्यावर एका लग्नासाठी नागपूरला गेलो होतो, तेव्हा पत्ता शोधत त्यांच्या घरी गेलो. ऐंशीच्या पुढचे होते. मला ओळखलं नाही, पण एकोणिसावी टेस्ट म्हटल्याबरोबर उठले आणि कपाटातून एक फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली.

सगळ्यात वर मी सही केलेला कागद होता. त्याखाली शंका विचारणारं माझं दोन पानी पत्र, त्यावर त्यांच्या कचेरीचा आवकचा शिक्का. त्याखाली आम्ही सुरुवातीला पोस्टानं पाठवलेली टेस्टची जुनी प्रत. एकोणिसाव्या टेस्टच्या शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'चूक. हिच्यात पास होणारा शेड्यूलर दाखवला तर यंत्र परत पाठवणे.'

खाली तारीख होती. मी चष्मा पुसून ती तारीख आणि पत्रावरचा शिक्का दोन्ही पुन्हा वाचले. पेन्सिलीची रेघ माझं पत्र पोचायच्या चार दिवस आधीची होती; 'पुन्हा वाचा' ही तार त्यानंतरची.